जुन्या ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मारुती झेन, होंडा सिटी, ह्युंदाई सॅन्ट्रो या गाड्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह थोड्या प्रमाणात विकल्या गेल्या. त्यांतल्या ज्या अजून चालू आहेत, त्यांच्या मालकांपुढे केव्हा ना केव्हा एक पेच उभा राहतो. इंजिन ठणठणीत असते, पत्रा बरा असतो, कागदपत्रे चोख असतात, पण गिअरबॉक्स घसरू लागलेला असतो आणि त्याचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. अशा वेळी त्याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून घेणे हा एक व्यवहार्य मार्ग ठरतो. हा लेख पुढची चाके ओढणाऱ्या आणि इंजिन आडवे बसवलेल्या लहान गाड्यांपुरता आहे. उदाहरणादाखल झेन समोर ठेवली आहे, कारण तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीनच गिअरांचा होता, तर पाच गिअरांची मॅन्युअल झेन वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने विकली गेल्यामुळे तिचे सामान जुन्या बाजारात तुलनेने सहज सापडते.

ज्याने स्वतःच्या हाताने कधी क्लच प्लेट बदललेली नाही, त्याने हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. काम गॅरेजमध्ये होणार असले तरी त्याचा क्रम मालकाला ठाऊक असावा, कारण इथे अडचण गिअरबॉक्सपाशी येतच नाही. गिअरबॉक्स कोणीही आणून देतो. काम अडते ते पेडल, ब्रॅकेट, बोल्ट, स्टार्टर अशा किरकोळ वाटणाऱ्या सामानापाशी. म्हणून सगळे सामान हाती येईपर्यंत गाडीचा एकही नट सैल करू नये, हे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे बहुतेक सल्ले त्यातूनच निघालेले आहेत.

बदलाची खरोखर गरज आहे का?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाद झाला असे ठरवण्यापूर्वी त्याचे तेल तपासावे. बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन गरम आणि चालू असताना, लिव्हर प्रत्येक खाचेतून फिरवून पुन्हा पार्कमध्ये आणल्यावर तेलाची पातळी पाहतात. होंडाच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर लगेच पातळी पाहण्याची पद्धत आहे. तेल नुसते कमी झाले असले तरी गिअर उशिरा पडणे, चढावर इंजिनचा आवाज वाढूनही गाडीचा वेग न वाढणे, अशा तक्रारी येतात, आणि गळती थांबवून तेल भरल्यावर त्या नाहीशाही होतात. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल बिघडली असेल किंवा सोलेनॉइडच्या (गिअरबॉक्सातले तेल वळवणाऱ्या विजेच्या झडपेच्या) जोडावर गंज चढला असेल, तरी लक्षणे जवळपास हीच दिसतात. समुद्राकाठच्या गावांत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे जोड उघडून साफ करणे हे पहिले काम मानावे.

तेल काळपट तपकिरी झाले असेल आणि त्याला जळका वास येत असेल, तर आतल्या क्लच प्लेटी जळाल्या असे समजावे. तेल गुलाबी आणि फेसाळ दिसत असेल, तर रेडिएटरच्या टाकीतला तेल थंड करणारा कूलर आतून फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते. या दुसऱ्या प्रकारात गिअरबॉक्स बदलला तरी रेडिएटरही बदलावा लागतो, कारण तेल कूलंटमध्ये मिसळलेले असते आणि ते रबरी पाइप खराब करते. या दोन अवस्थांत दुरुस्तीचा अंदाज घ्यावा आणि त्याची तुलना मॅन्युअलच्या पूर्ण खर्चाशी करावी. पूर्ण खर्चात नवा क्लच सेट, तेल सील, लेथचे काम आणि मजुरी धरावी. नुसत्या गिअरबॉक्सच्या किमतीशी केलेली तुलना फसवी असते.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेला गिअरबॉक्स बसवला तर मालकाची बाजू बरीच भक्कम राहते, परंतु नोंदणी पुस्तिकेवर मॉडेलच्या नावातच ऑटोमॅटिकचा उल्लेख असू शकतो. त्यामुळे गाडीची नोंदणी ज्या वाहतूक कार्यालयात आहे, मग ते पणजीचे असो, म्हापशाचे, फोंड्याचे किंवा मडगावचे, तिथे कामाला हात घालण्याआधी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअरला तिसरे पेडल दिसेल आणि तिथूनच वाद सुरू होईल. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या वयाच्या गाडीची तपासणी तोंडावर असेल तर काम आणि तपासणी यांचा क्रम आधीच ठरवावा, अर्धवट गाडी तपासणीला नेण्याची पाळी येऊ देऊ नये.

सामान जमवणे

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याच इंजिनाची, शक्यतो त्याच वर्षांच्या आसपासची, भंगारात निघालेली एक अख्खी मॅन्युअल गाडी शोधून तिचे सर्व संबंधित सामान एकत्र विकत घेणे. गोव्यातल्या भंगारअड्ड्यांवर चौकशी करावी. तिथे जमले नाही तर बेळगाव आणि कोल्हापूर जवळ आहेत, आणि शेवटी जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. भंगारवाल्याकडून मूळ गाडीचा चासी क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी, म्हणजे पुढे सामान कुठून आले असे कोणी विचारले तर उत्तर देता येते.

गाडी अजून उभी असताना, म्हणजे सामान सुटे होण्यापूर्वी, स्वतः तिथे जाणे फार उपयोगी पडते. कोणता ब्रॅकेट कुठे बसतो, केबल कोणत्या बाजूने वळते, पेडलची चौकट कोणत्या बोल्टांवर उभी आहे, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. नंतर पोत्यात भरून आलेल्या सामानावरून ते कळत नाही.

घ्यायचे सामान असे : गिअरबॉक्स, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाला बसणारी, क्लच जिच्यावर दाबला जातो ती जड चकती) आणि त्याचे बोल्ट, इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधली पातळ प्लेट, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे), गिअरबॉक्सच्या बाजूची फाउंडेशन (त्याला गाडीवर धरून ठेवणारे रबरी आधार) आणि त्यांचे ब्रॅकेट, गिअर लिव्हर व त्याचे रॉड, क्लच आणि ब्रेक या दोन्ही पेडलांची चौकट, क्लच केबल, रिव्हर्स लाइटचा स्विच त्याच्या वायरीच्या तुकड्यासह, आणि स्पीडोमीटरची केबल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लच केबल आणि सर्व तेल सील मात्र नवेच घ्यावेत. जुनी केबल केवळ नमुना म्हणून जवळ ठेवावी.

ड्राइव्ह शाफ्ट ऑटोमॅटिकचेच चालतील असे गृहीत धरू नये, कारण दोन गिअरबॉक्सची रुंदी सारखी नसते आणि शाफ्टची लांबी किंवा दात्यांची संख्या वेगळी असू शकते. स्टार्टरचेही तसेच आहे. अंतिम गिअरचे गुणोत्तर गिअरबॉक्सच्या आतच असते आणि ते त्या त्या इंजिनाला जुळेल असे ठरवलेले असते, म्हणून मोठ्या किंवा डिझेल इंजिनाचा गिअरबॉक्स बसतो असे कोणी सांगितले तरी तो घेऊ नये.

जागा आणि वेळ

गॅरेज छपराखाली नसेल तर हे काम जून ते सप्टेंबर या काळात काढू नये. उघड्या बेल हाऊसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या, क्लच झाकणाऱ्या तोंडाच्या कवचात) पावसाचे पाणी गेले तर नव्या क्लच प्लेटवर डाग पडतात आणि फ्लायव्हीलवर दोन दिवसांत गंज धरतो. खारट हवेत वाढलेल्या गाडीचे एक्सल नट, बॉल जॉइंटचे बोल्ट आणि सायलेन्सरचे नट आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून भिजत ठेवावेत. जमीन पक्की काँक्रीटची हवी. चिऱ्यांच्या फरशीवर किंवा मातीवर जॅक खचतो, आणि निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. चांगल्या वजनाच्या दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), इंजिनाला वरून धरणारी साखळीची कप्पी किंवा आडवा बार, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा) आणि क्लच मध्यावर आणण्याचा साचा एवढे नसेल तर काम सुरू करू नये.

पेडल आधी, गिअरबॉक्स नंतर

बहुतेक लोक गिअरबॉक्स उतरवून सुरुवात करतात. माझ्या मते पेडलांचे काम सर्वांत आधी करावे, कारण ते बसत नसेल तर गाडी अजून चालण्याच्या स्थितीत असताना ते कळते. बॉडीचा सांगाडा दोन्ही प्रकारांना एकच असल्यामुळे केबिन आणि इंजिन यांमधल्या पत्र्यात क्लच केबलसाठी जागा बऱ्याचदा आधीच ठेवलेली असते आणि ती रबरी बूच किंवा लहान झाकण लावून बंद केलेली असते. डॅशबोर्डच्या खालचा गालिचा आणि कापसाचा थर बाजूला सारून ती शोधावी. भोक नसेल, तर मॅन्युअल गाडीवरून कागदी साचा काढून मगच भोक पाडावे, कडेला गंजरोधक रंग लावावा आणि रबरी ग्रोमेट बसवावे. तसे केले नाही तर पत्र्याची धार केबल कापते.

ऑटोमॅटिकचे ब्रेक पेडल रुंद असते. क्लचसाठी जागा हवी म्हणून ते काढून मॅन्युअलचे अरुंद पेडल बसवावे लागते, आणि या एका जागी कसलीही घाई चालत नाही. ब्रेकचा रॉड पेडलला जिथे जोडतात तिथली पिन आणि तिची स्प्लिट पिन नवी घालावी, स्प्लिट पिनचे दोन्ही पाय नीट दुमडावेत आणि टॉर्च धरून दुसऱ्या माणसाकडून एकदा पाहून घ्यावे. ब्रेक लाइटचा स्विच असा बसवावा की पेडल सुटताच दिवा विझेल. हे सर्व झाल्यावर गाडी आवारातल्या आवारात पुढे-मागे करून ब्रेक पूर्ववत आहेत याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे.

वायरी ओळखून ठेवणे

गिअरबॉक्स उतरवण्याआधी आणखी एक काम उरकावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर, किंवा लिव्हरखाली, एक स्विच असतो. लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच तो स्टार्टरला वीज जाऊ देतो, आणि रिव्हर्समध्ये मागचा पांढरा दिवा लावतो. त्याचा जोड सोडवून स्विचच्या बाजूला मल्टिमीटर लावावा. लिव्हर पार्क आणि न्यूट्रलमध्ये असताना जे दोन खांब (टर्मिनल) आपसात जुळतात ते स्टार्टरचे, आणि फक्त रिव्हर्समध्ये जुळतात ते दिव्याचे. वायरिंगच्या बाजूला त्या दोन जोड्यांवर वेगवेगळ्या रंगांची टेप गुंडाळावी.

नंतर दिव्याची जोडी मॅन्युअल गिअरबॉक्सच्या रिव्हर्स स्विचला द्यायची असते. स्टार्टरची जोडी अनेक गॅरेजांत सरळ एकमेकींना जोडून टाकतात. गाडी सुरू होते हे खरे, पण गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली तर ती उडी मारते. त्याऐवजी क्लच पेडलवर एक लहान स्विच बसवून ही जोडी त्यातून न्यावी, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही. खर्च नगण्य आहे, आणि घरात लहान मुले असतील तर हा स्विच टाळूच नये.

ऑटोमॅटिकचा नियंत्रक वेगळा असेल तर त्याचा जोड काढून, झाकून ठेवावा. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) गिअरबॉक्सकडून काही संकेत अपेक्षित धरत असेल, तर मॅन्युअल गाडीच्या वायरिंगच्या आकृतीप्रमाणे ते जोडून घ्यावेत. कार्ब्युरेटरच्या जुन्या झेनमध्ये ही डोकेदुखी फारशी नाही. ज्या गाड्यांत लिव्हर पार्कमध्ये नसेल तर किल्ली निघत नाही, त्यांत ते कुलूपही मोकळे करावे लागते.

जुना गिअरबॉक्स उतरवणे

बॅटरीचे ऋण टर्मिनल काढावे, चाके जमिनीवर असतानाच एक्सल नट सैल करावेत, मग गाडी घोड्यांवर चढवून गिअरबॉक्सचे तेल भांड्यात सोडावे. बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टर, स्टार्टर, केबली आणि कूलरचे दोन पाइप निघाल्यावर लोअर आर्मचे बॉल जॉइंट सोडवून ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावेत. शाफ्ट ओढताना आतला जॉइंट ताणू नये. गिअरबॉक्सच्या कडेला पट्टी लावून तो अलगद उचकटावा.

यानंतरचा भाग नवख्याला ठाऊक नसतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाने भरलेला गोल डबा, इंजिनाच्या पातळ फ्लेक्स प्लेटला काही बोल्टांनी जखडलेला असतो, आणि ते बोल्ट खालच्या लहान खिडकीतून एका वेळी एकच दिसतात. क्रँकच्या पुलीवर गोटी पाना लावून इंजिन हाताने फिरवावे, बोल्ट समोर आला की काढावा, पुन्हा फिरवावे. सगळे बोल्ट निघाले की कन्व्हर्टर मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला ढकलावा. तो गिअरबॉक्सबरोबरच उतरला पाहिजे. तो फ्लेक्स प्लेटलाच चिकटून राहिला तर आतले तेल अंगावर येते आणि पंपाचे दाते मोडू शकतात. मग इंजिन कप्पीवर धरून, तेलाच्या पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून, फाउंडेशन आणि बेल हाऊसिंगचे बोल्ट काढावेत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कन्व्हर्टरसह चांगलाच जड असतो. तो उतरवायला दोन माणसे आणि चाकांचा जॅक हवाच.

क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच

गिअरबॉक्स निघाल्यावर इंजिनाचे मागचे तोंड उघडे पडते. पुन्हा इथे पोहोचायचे तर सगळे काम नव्याने करावे लागेल, म्हणून क्रँकचे मागचे तेल सील चांगले दिसले तरी बदलावे. फ्लेक्स प्लेट पातळ पत्र्याची असल्यामुळे तिचे बोल्ट सहसा आखूड असतात. तेच बोल्ट जाड फ्लायव्हीलला वापरले तर त्यांची पकड जेमतेम काही आट्यांवर राहते. त्यासाठीच मॅन्युअलचे बोल्ट मागवायचे, आणि ते कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर फुलीच्या क्रमाने आवळायचे. काही इंजिनांत क्रँकच्या टोकाला किंवा फ्लायव्हीलच्या मध्यावर एक लहान बेअरिंग असते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक त्यात बसते. आपल्या इंजिनात ते आहे का, हे मॅन्युअल गाडीवरून पाहून घ्यावे. ब्लॉकवरच्या दोन लोकेटिंग पिना जागेवर हव्यात. पिनांशिवाय बसवलेला गिअरबॉक्स केसभर वाकडा राहतो आणि क्लच लवकर खराब होतो.

फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर त्याचे तोंड घासून घ्यावे. लेथचे काम करणारी दुकाने औद्योगिक वसाहतींच्या आसपास असतात. तडे खोल असतील तर ते फ्लायव्हील फेकून द्यावे. बसवण्यापूर्वी त्यावरचे तेल आणि बोटांचे ठसे पुसून काढावेत.

क्लच प्लेटच्या दोन बाजू वेगळ्या असतात. मधला स्प्रिंगांचा उंचवटा ज्या बाजूला जास्त बाहेर येतो ती बाजू सहसा गिअरबॉक्सकडे ठेवतात, आणि अनेक प्लेटींवर फ्लायव्हीलची बाजू छापलेलीही असते. उलटी बसली तर प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते किंवा क्लच सुटतच नाही, आणि हे कळते ते सगळे जोडून झाल्यावर. साचा घालून प्लेट मध्यावर धरावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे करून समोरासमोर आवळावेत. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. जास्त ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जाते.

नवा गिअरबॉक्स चढवणे

मॅन्युअल गिअरबॉक्स वर चढवताना त्याचे वजन क्षणभरही क्लच प्लेटच्या मध्यावर टांगू देऊ नये. दाते जुळेपर्यंत एकाने क्रँक किंचित फिरवावा, दुसऱ्याने गिअरबॉक्स समांतर धरावा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे हाताने ढकलून मिळाली पाहिजेत. बोटभर फट राहिली असताना बोल्ट आवळून ती ओढून घेण्याचा मोह होतो, पण त्यात बेल हाऊसिंगचा कान तुटतो. पुन्हा मागे घेऊन पाहणे नेहमी स्वस्त पडते. पुढे शाफ्ट, नवी सील, फाउंडेशन, रॉड, स्टार्टर हे उलट क्रमाने बसवावे. रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटलेला नसेल तर त्याची दोन तोंडे टोप्या लावून बंद केली की पुरे.

गिअरबॉक्समध्ये कंपनीने सांगितलेले तेल, बहुतेक जुन्या मॅन्युअल गाड्यांत जीएल-४ दर्जाचे, बाजूच्या प्लगपर्यंत भरावे. जीएल-५ अधिक चांगले असे समजून ते ओतू नये, कारण त्यातले काही घटक सिंक्रोच्या (गिअर विनाआवाज जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत. जुन्या ऑटोमॅटिकचे तेल तर इथे अजिबात नको. शेवटी क्लच केबल लावून पेडलला थोडी मोकळी चाल ठेवावी. तिचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाल मुळीच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहते आणि क्लच घसरतो.

पहिली चाचणी

चाके अधांतरी असतानाच इंजिन सुरू करावे. पाचही गिअर आणि रिव्हर्स विनाआवाज पडतात का, क्लच दाबून पहिल्या गिअरमध्ये चाके थांबतात का, कुठे तेल झिरपते का, हे पाहून घ्यावे. या वेळी गाडीखाली कोणी असू नये. नंतर सपाट रस्त्यावर हळू चालवावे आणि परत आणून फाउंडेशनचे व एक्सलचे नट पुन्हा तपासावेत. स्पीडोमीटरचा आकडा मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहावा.

नव्या क्लचला पहिले ५०० ते ८०० किलोमीटर सांभाळावे लागते. या काळात गाडी भरून चोर्ला किंवा अनमोड घाट चढू नये, आणि अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवण्याची सवय लावून घेऊ नये. ऑटोमॅटिकवर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला हेच सर्वांत कठीण जाते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या उतरत्या धक्क्यावर रांगेत थांबल्यावर, किंवा पलीकडे उतरून चढाव घेताना, हात ब्रेक ओढून, क्लच पकडेपर्यंत सोडून मगच ब्रेक सैल करायचा असतो. हा सराव आधी रिकाम्या चढावर करावा, बोटीवर मागे स्कूटरवाले उभे असताना नव्हे. क्लच रुळल्यावर केबलची मोकळी चाल पुन्हा तपासावी, कारण सुरुवातीला ती बदलते, आणि साधारण १००० किलोमीटरनंतर गिअरचे तेल एकदा सोडून त्यात धातूचा चुरा किती आहे ते पाहावे.

निघालेला गिअरबॉक्स कन्व्हर्टर, नियंत्रक आणि लिव्हरसह एकत्र बांधून ठेवावा. आतल्या प्लेटी जळालेल्या असल्या तरी त्याचे कवच, सोलेनॉइड आणि स्विच अशीच गाडी अजून चालवणाऱ्या एखाद्याच्या उपयोगी पडतात आणि सुटे विकण्यापेक्षा संचाला बरा भाव येतो. उतरवलेले तेल आणि कन्व्हर्टरमध्ये उरलेले तेल कॅनमध्ये भरून वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्यावे. ते घराजवळच्या नाल्यात ओतले तर पहिल्याच पावसात शेजारच्या विहिरीत पोहोचते.